आजचे नाव, उद्याचे मधले नाव

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



कोणत्याही शाळेच्या दप्तरात सर्वांत जपून ठेवलेले पुस्तक म्हणजे जनरल रजिस्टर. बाके बदलतात, फळे बदलतात, इमारतीवर मजले चढतात. रजिस्टर मात्र कपाटात कुलपाआड राहते. त्यात एका मुलासाठी एकच ओळ असते: अनुक्रमांक, नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ. हीरक महोत्सव पाहिलेल्या शाळेचे जुने आणि नवे रजिस्टर शेजारी शेजारी उघडले, तर एक गोष्ट सहज दिसते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी पहिल्या रकान्यात आलेले ‘माधव’ किंवा ‘श्रीधर’ हे नाव आज दुसऱ्या रकान्यात आलेले असते. त्या वेळचा विद्यार्थी आज पालक झालेला असतो आणि त्याचे नाव त्याच्या मुलाच्या नावाचा आधार झालेले असते.

मुलाचे नाव ठेवताना घरात पुष्कळ चर्चा होते. परंतु मराठी नामपद्धतीतली ही दुहेरी जबाबदारी त्या चर्चेत क्वचितच उच्चारली जाते. मुलाला दिलेले नाव तो स्वतः साठ-सत्तर वर्षे वागवतो आणि त्याची मुले ते पुढे आणखी तितकीच वर्षे वागवतात. म्हणून नाव निवडताना दोन प्रश्न विचारावेत: हे नाव त्या मुलाला शोभेल काय? आणि उद्या त्याच्या मुलाच्या नावामागे ते सन्मानाने उभे राहील काय? अभिजात नावाची कसोटी या दोन प्रश्नांत सामावलेली आहे.

नावाचा विचार आपल्या परंपरेने फार पूर्वीपासून गांभीर्याने केला आहे. आश्वलायन आणि पारस्कर यांच्या गृह्यसूत्रांत मुलाच्या नावाचे नियम दिले आहेत. आरंभी घोष वर्ण असावा, म्हणजे ग, ज, द, ब यांसारखा घुमणारा. मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा अंतःस्थ वर्ण असावा. मुलाच्या नावात अक्षरे दोन किंवा चार, म्हणजे सम असावीत. आणि नाव कृदंत असावे, तद्धित नसावे. कृदंत म्हणजे धातूपासून बनलेले, ज्याच्या पोटात क्रिया आहे असे नाव. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरण का शिकावे याची कारणे सांगताना हाच दाखला दिला आहे. बापाला व्याकरण येत नसेल, तर कृदंत कोणते आणि तद्धित कोणते हे त्याला कळणार कसे, आणि मग तो मुलाचे नाव ठेवणार कसे? भाषेच्या अभ्यासाचे इतके घरगुती प्रयोजन दुसऱ्या कोणी सांगितले नसेल. त्याच ठिकाणी आणखी एक अट आहे: नावाने मागच्या तीन पिढ्यांतील पुरुषांची आठवण राखावी. आजोबांचे नाव नातवाला देण्याच्या रूढीमागे असा जुना विचार आहे.

हे नियम आज कोणी अक्षरशः पाळावेत असे नाही. त्यांचा मथितार्थ मात्र अजून ताजा आहे. नाव कानाला गोड लागावे, हाक मारायला सोपे असावे, त्याला अर्थ असावा आणि ते कुळाशी जोडलेले असावे. ‘देव’, ‘माधव’, ‘गोविंद’, ‘वामन’ ही नावे सूत्रे न वाचलेल्या आजीलाही आवडतात, याचे कारण हेच.

मराठी घरात मुलाला एक नाव मिळून थांबत नाही. बाराव्या दिवशी बारसे होते, गोपाळाचे नाव घेत बाळाला पाळण्याच्या वरून-खालून दिले-घेतले जाते, आणि आत्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते. पत्रिकेतले नाव त्याहून वेगळे असते. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, अशी १०८ आद्याक्षरे पंचांगात दिलेली असतात. अश्विनीच्या चार चरणांना चू, चे, चो, ला. काही चरणांना ङ, ञ, ण ही अक्षरे येतात आणि तिथे ज्योतिषीबुवांनाही पर्याय शोधावा लागतो. तिसरे नाव घरातल्या हाकेचे. नातवाला सासऱ्याचे नाव दिले, तर सुनेने ते उच्चारायचे कसे, ही जुन्या घरातली अडचण होती. त्यातून बाळ, बापू, नाना, अण्णा, भाऊ ही हाकेची नावे रुजली. काही वेळा हाकेचे नावच इतिहासात गेले. लोकमान्य टिळकांचे जन्मनाव केशव. परंतु जगाला ठाऊक आहेत ते बाळ गंगाधर टिळक.

या सगळ्यांतून शाळेत जाते ते व्यवहारातले नाव. त्याच्यामागे बसते ते मधले नाव, आणि मराठी माणसाच्या नावाचा खरा कणा तोच. पाश्चात्य पद्धतीत मधले नावही आईबाप आवडीने निवडतात. मराठी पद्धतीत ते निवडायचे नसते. ते वडिलांकडून आपोआप येते. पेशव्यांची नावे क्रमाने म्हणून पाहावीत. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव बल्लाळ, आणि बल्लाळ म्हणजेच बाळाजी, त्यांचे पुत्र बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब, त्यांचे पुत्र माधवराव बल्लाळ. चार नावांत चार पिढ्यांची साखळी उभी राहते, आणि आजोबांचे ‘बाळाजी’ हे नाव नातवाकडे परत येते. वेगळी वंशावळ मांडण्याची गरजच उरत नाही.

मराठी साहित्यानेही वडिलांचे नाव आद्याक्षराच्या रूपाने सतत जवळ बाळगले. पु. ल. म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण, ग. दि. म्हणजे गजानन दिगंबर. गदिमांचे बंधू व्यंकटेश दिगंबर माडगूळकर. दोन भावांची लेखणी निराळी, वाट निराळी. मधले ‘दिगंबर’ मात्र एकच. वाचक ‘पु. ल.’ असे प्रेमाने म्हणतो तेव्हा त्या दोन अक्षरांतले दुसरे अक्षर एका वडिलांचे असते, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. आजच्या मुलांना जवळचे उदाहरण हवे असेल, तर रमेश तेंडुलकर हे कवी आणि मराठीचे प्राध्यापक होते. संगीतकार सचिन देव बर्मन यांच्या नावावरून त्यांनी मुलाचे नाव सचिन ठेवले. तो सचिन रमेश झाला. पुढे त्याचा मुलगा अर्जुन सचिन झाला. बंगालकडून आलेले एक नाव मुंबईच्या मराठी घरात एका पिढीत पहिले आणि पुढच्या पिढीत मधले झाले.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी कुटुंबांना हा विचार अधिक जागरूकपणे करावा लागतो, कारण भारतात नाव लिहिण्याची रीत प्रांताप्रांताला बदलते. गुजरातची रीत आपल्यासारखीच: मोहनदास करमचंद गांधी. तमिळनाडूत वडिलांचे नाव आद्याक्षर होऊन पुढे बसते आणि मुलाचे नाव शेवटी येते. सी. व्ही. रामन यांतील ‘सी’ म्हणजे त्यांचे वडील चंद्रशेखर, ‘व्ही. रामन’ हे त्यांच्याच वेंकटरामन या नावाचे दोन तुकडे. त्यांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांत सुब्रह्मण्यन हे वडिलांचे नाव आणि चंद्रशेखर हे स्वतःचे, आजोबांवरून ठेवलेले. काकांना १९३० साली आणि पुतण्याला १९८३ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. एकाच पूर्वजाचे नाव काकांच्या आद्याक्षरात आणि पुतण्याच्या हाकेत राहिले. पतंजलीने नोंदलेली पिढ्यांची आठवण तमिळ घराने अशी जपली.

कर्नाटकात अनेकदा गावाचे नावही येते. कवी कुवेंपु यांचे पूर्ण नाव कुप्पळ्ळी वेंकटप्पा पुट्टप्पा: गाव, वडील आणि शेवटी स्वतःचे नाव. तेलुगू घरांत घराण्याचे नाव आधी येते, जसे सर्वपल्ली राधाकृष्णन किंवा पामुलपर्ति वेंकट नरसिंह राव. बंगालमध्ये नावाला ‘चंद्र’, ‘नाथ’, ‘कुमार’ अशी जोड असते आणि भावाभावांत ती समान ठेवतात. शरतचंद्र आणि सुभाषचंद्र हे बोस बंधू त्याचे उदाहरण. तिथेही घरचे ‘डाकनाम’ आणि बाहेरचे ‘भालो नाम’ असा भेद आहेच. सत्यजित राय घरात ‘माणिक’ होते.

परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाने तिथली रीत उचलली, याचा उत्तम दाखला म्हणजे सर टी. माधवराव. तंजावरच्या मराठी परंपरेतले हे गृहस्थ त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांच्या नावातला ‘टी’ म्हणजे तंजावर. मराठी रीतीने ते माधव रंगराव झाले असते. दक्षिणी रीतीने गाव पुढे आले आणि वडील मागे राहिले. उलट दिशेचा घोटाळाही होतो. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वडिलांचे नाव कृष्णराव. महाराष्ट्राबाहेर मात्र पुष्कळांना ‘गोपालकृष्ण’ हे एकच नाव वाटते आणि कृष्णराव त्यात हरवून जातात. म्हणून परप्रांतातल्या पालकांनी नाव आणि वडिलांचे नाव यांच्यामध्ये जागा सोडण्याची, प्रत्येक कागदावर तेच शब्द त्याच क्रमाने लिहिण्याची सवय ठेवावी. ही वरवर क्षुल्लक गोष्ट पुढे पारपत्राच्या खिडकीपाशी मोठी होते.

आता अभिजात नाव म्हणजे कोणते, या प्रश्नाकडे वळू या. मराठी नावांचा सर्वांत समृद्ध झरा म्हणजे संध्येच्या आचमनातील विष्णूची चोवीस नावे. केशव, नारायण, माधव, गोविंद यांपासून श्रीधर, पद्मनाभ, दामोदर, अनिरुद्ध, पुरुषोत्तम, अच्युत, जनार्दन अशी ती चालतात. या चोवीस नावांनीच कितीतरी हजेरीपट भरले आहेत. दुसरा झरा वारकऱ्यांचा: विठ्ठल, पांडुरंग, ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम. यांतले नामदेव हे नाव पंजाबातही तितकेच आपले आहे. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. तिसरा झरा कुलदैवतांचा: खंडेराव, मल्हार, भैरव, रवळनाथ. चौथा इतिहासाचा. शिवाजी हे नाव बंगळूरच्या एका मराठी घरात गायकवाड कुटुंबाने मुलाला दिले. तो पुढे रजनीकांत या नावाने तमिळ पडद्यावर गाजला. आणि अण्णादुराई यांच्या नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका केलेल्या गणेशन यांना पेरियार यांनी ‘शिवाजी’ गणेशन केले.

पाचवा झरा तुलनेने नवा, पण फार मोलाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद ही नावे महाविद्यालयांना दिली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, अशोक, मिलिंद ही नावे हजारो घरांत आली. मिलिंद म्हणजे भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिनँडर. जिज्ञासू राजाचे नाव मुलाला ठेवणे, यापेक्षा शाळेला आवडणारे दुसरे नाव कोणते असणार?

कारण जुन्या नावांच्या इतिहासात एक दुखरी बाजूही आहे. मुले दगावत, तेव्हा पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवीत. ती आईच्या भयातून आलेली नावे होती, तिच्या मायेचीही. परंतु समाजाने काही थरांतल्या मुलांना नीट नावच लाभू दिले नाही, आणि मिळाले ते अर्धवट, तुटक हाकारले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत एका मुलाची नोंद झाली. रजिस्टरात नाव आहे भिवा रामजी आंबेडकर. तो दिवस महाराष्ट्रात आज विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ‘भिवा’चे भीमराव झाले ते विद्येमुळे आणि कर्तृत्वामुळे, त्याबरोबर ‘रामजी’ हे सुभेदार वडिलांचे नावही देशाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले. हाच अनुभव ‘धोंडो’ या नावाचा. आजच्या कानांना ते खडबडीत वाटेल. पण धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिल्यावर रघुनाथ धोंडो, दिनकर धोंडो अशी नावे अभिमानाने लिहिली गेली. केरूनाना छत्रे हे नाव उच्चारताना कोणालाही केर आठवत नाही. टिळकांचे गणिताचे गुरू आठवतात. नाव अभिजात जन्मते थोडेच. ते वागवणारा माणूस त्याला अभिजात करतो. पालकांनी मुलाला असे नाव द्यावे, की ते मोठे करण्याच्या कामात त्याला अडथळा होऊ नये.

काही व्यावहारिक कसोट्या सांगण्याजोग्या आहेत.

पहिली अर्थाची. हल्ली नावांच्या पुस्तिकांत आणि याद्यांत कोणत्याही अक्षरसमूहापुढे ‘सूर्याचा अंश’, ‘विष्णूचे नाव’ असे अर्थ छापलेले असतात. ते आपट्यांच्या संस्कृत कोशात किंवा मोल्सवर्थच्या कोशात पडताळून पाहावेत. पौराणिक नाव असेल तर चित्रावशास्त्र्यांच्या प्राचीन चरित्रकोशात त्या व्यक्तीचे चरित्र वाचावे. पाचवीतला मुलगा वर्गात एक दिवस आपल्या नावाचा अर्थ सांगायला उभा राहणारच असतो. ‘हृषीकेश’ म्हणजे हृषीकांचा, इंद्रियांचा ईश. तेच नाव ‘ऋषिकेश’ असे लिहिले, की तो ईश नाहीसा होऊन ऋषीचे केस तेवढे उरतात.

दुसरी उच्चाराची. मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारून पाहावी. मग शेजारच्या प्रांतात ते नाव कसे उच्चारले जाईल याचा अंदाज घ्यावा. ‘ज्ञ’चा उच्चार मराठीत ‘द्न्य’, हिंदीत ‘ग्य’, गुजरातीत ‘ग्न’. त्यामुळे ज्ञानेश्वराची रोमन अक्षरे गावोगावी बदलतात. ‘गोपाळ’ विंध्यापलीकडे ‘गोपाल’ होतो, ‘विनायक’ बंगालमध्ये ‘बिनायक’. हा दोष नव्हे. ते नाव सर्वांचे आहे याची ती खूण आहे. फक्त रोमन लेखन एकदा ठरवावे आणि त्यापासून ढळू नये.

तिसरी काळाची. ‘आजोबा’ या शब्दाआधी ते नाव लावून पाहावे. अनंत आजोबा, मोहन आजोबा हे जमते. पाळण्यातल्या बाळापुरतेच गोंडस असलेले नाव पन्नाशीच्या न्यायाधीशाला किंवा शल्यविशारदाला सांभाळणे जड जाते. फॅशनचे नाव निवडण्यात गैर काही नाही. परंतु वर्गात एकाच नावाची चार मुले निघाली, की शिक्षकांना आडनावाने हाक मारावी लागते आणि आवडीने निवडलेले नाव बाजूलाच पडते.

चौथी जोडणीची. नाव, मधले नाव आणि आडनाव सलग मोठ्याने म्हणावे. ‘नारायण नरहर’मध्ये गोड अनुप्रास आहे, दोन्ही नावे पाच-पाच अक्षरांची आणि जोडाक्षरांची झाली, तर निकालपत्रावरची ओळच पुरत नाही. वडिलांचे नाव लांब असेल तर मुलाचे आटोपशीर ठेवावे. आद्याक्षरांतून विचित्र शब्द तर बनत नाही ना, हेही पाहावे. मुले ते शब्द पहिल्याच आठवड्यात शोधून काढतात.

पाचवी कागदाची. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. नाव त्याच वेळी ठरले नसेल, तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्म प्रमाणपत्र हाच मूळ दाखला झाला आहे. म्हणून घाईने ‘बाळ’ किंवा हाकेचे नाव लिहून देऊ नये, आणि विचाराच्या नावाखाली वर्षेही लोटू देऊ नयेत.

आता मधल्या रकान्याबद्दल एक नाजूक, पण अवश्य बोलायची गोष्ट. वडिलांचे नाव आपोआप येते असे वर म्हटले. ज्या मुलाच्या घरात वडील नाहीत, किंवा ज्यांचे नाव उच्चारणे आईला वेदनेचे आहे, त्या मुलाचा हा रकाना प्रवेशाच्या दिवशी सर्वांसमक्ष रिकामा दिसतो. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम गुरूकडे शिकायला निघाला, तेव्हा त्याच्यापुढेही हाच रकाना होता. त्याने आईला गोत्र विचारले. तिने सांगितले, की ते तिला ठाऊक नाही. तिचे नाव जबाला, त्याचे सत्यकाम, तेव्हा त्याने स्वतःला सत्यकाम जाबाल म्हणवावे. त्याने गौतम ऋषींना हे जसेच्या तसे सांगितले. त्याच्या खरेपणावर संतुष्ट होऊन गुरूंनी त्याला शिष्य केले. आईचे नाव लावून झालेल्या शाळाप्रवेशाची ही आपल्या वाङ्मयातली फार जुनी नोंद आहे, आणि प्रवेश देणाऱ्या गुरूने कसे वागावे याचा तो वस्तुपाठही आहे.

महाराष्ट्राच्या मातीला ही रीत परकी नाही. सातवाहन राजे स्वतःला गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी म्हणवीत. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीने कोरवलेल्या लेखात पुत्राच्या पराक्रमाचे वर्णन आजही वाचता येते. अलीकडच्या काळात धारवाडचे द. रा. बेंद्रे पाहावेत. घरची भाषा मराठी, काव्याची भाषा कन्नड, १९७३ चे ज्ञानपीठ. रीतीप्रमाणे ते दत्तात्रेय रामचंद्र. पण कविता लिहिल्या त्या ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. चित्रपटसृष्टीत संजय लीला भन्साळी यांनी मधल्या जागी आईचे नाव लावले.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हा क्रम ठरवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली अविवाहित मातेला, वडिलांचे नाव न विचारता, मुलाचे जन्म प्रमाणपत्र देण्याचा आदेश दिला. २०२२ साली आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात, पतीच्या निधनानंतर मुलाचे आडनाव ठरवण्याचा अधिकार आईला असल्याचे सांगितले. अन्य राज्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना महाराष्ट्राचा क्रम बंधनकारक नाही; परंतु स्वेच्छेने तो स्वीकारायला कोणी अडवलेलेही नाही. ज्या घरात दोघेही आहेत तिथे दोघांचीही नावे लागली, तर वडिलांचे काही कमी होत नाही. आणि ज्या घरात एकटी आई आहे, तिथल्या मुलाची ओळ वर्गातल्या इतर ओळींसारखीच भरलेली दिसते. हे समाधान लहान नाही.

दत्तक गेलेल्या मुलाचे मधले नाव बदलते, आणि त्याबद्दलही मोकळेपणा हवा. गजानन रंगनाथ शिरवाडकर दत्तक गेल्यावर विष्णू वामन झाले आणि कुसुम या बहिणीच्या नावावरून कुसुमाग्रज झाले. दोन वडील आणि एक बहीण, तिघांचेही ऋण त्यांच्या नावांच्या इतिहासात आहे. मराठीला त्यामुळे एक कवी अधिकच आपला वाटतो. बडोद्याचे सयाजीराव मूळचे गोपाळराव, कोल्हापूरचे शाहू महाराज मूळचे यशवंतराव. नवे नाव हे जुन्याचा नकार नसते. ते नव्या जबाबदारीचे निमंत्रण असते.

पालकहो, घरात बाळाचे नाव ठरेल तेव्हा आजी-आजोबांना बोलवावे, आत्याचा मान राखावा, कोश उघडावा आणि आईचे मत शेवटी न विचारता आधी विचारावे. आजोबांचे नाव जसेच्या तसे नको वाटले, तर त्याच अर्थाचे आजचे नाव शोधावे: दिनकर आजोबांच्या नातवाला आदित्य, शंकर आजोबांच्या नातवाला शिव शोभून दिसेल. पिढ्यांची आठवण अर्थानेही राखता येते. आणि मूल मोठे झाले, की त्याला त्याच्या नावाची हकीकत सांगावी: ते कोणी सुचवले, कोणावरून ठेवले, मधल्या जागी असलेल्या माणसाने काय सोसले, काय कमावले. ज्या मुलाला आपल्या पूर्ण नावाची गोष्ट ठाऊक असते, तो हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतो तेव्हा त्याच्यासोबत त्याचे घरही उपस्थित असते.

आज पहिल्या रकान्यात लिहिलेले प्रत्येक नाव पुढे कुणाच्या तरी मुलाच्या दुसऱ्या रकान्यात लिहिले जाणार आहे. ते लिहिताना त्या मुलाचा हात अभिमानाने चालावा, एवढे नाव पालकांनी द्यावे. बाकीचे काम शाळेचे आणि त्या मुलाचे.